‘कुऱ्हाड होती ना?’

“मॅडम, मी अमळनेर तालुक्यातली, वय 54. पत्र मुलीकडून लिहून घेतेय. 2022 साली आखाजीच्या आदल्या आठवड्यात दिवेलागणीला डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन मळ्यातून येत होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांत मारामारी जुंपली होती. एकाच्या डोक्याला मार लागला. तो वाचला, पण त्याचा उजवा हात अजून चालत नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतला. मी म्हटलं, धाकल्याच्या हातात कायतरी होतं. हवालदार म्हणाले, ‘कुऱ्हाड होती ना?’ मी म्हटलं, ‘हां, व्हई.’ जबाब वाचून दाखवला त्यात ‘कुऱ्हाड होती’ असं होतं. त्या रात्रीपासून मनात खटकतंय. आता कोर्टाचं समन्स आलंय. डोळे मिटले की कुऱ्हाड स्पष्ट दिसते, दांड्यासकट. पण त्या दिवशी दिसली होती का? दीर म्हणतो, ठाम सांग, ढिली पडलीस तर वकील फाडून खाईल. धाकल्याची आई माझ्या माहेरची मैत्रीण, ती ओट्यावर बसून रडून गेली. मालक गेल्यापासून मला झोपेच्या आणि धडधडीच्या गोळ्या चालू आहेत. वकील म्हणेल ही वेडी आहे. माझं मन मला फसवतंय, की मी भीतीनं फिरतेय? कोर्टात काय सांगू?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी ‘व्हई’ या शब्दापाशी अडखळले. आपल्या अहिराणीत व्हई म्हणजे असेल, आणि व्हती म्हणजे होती. तुम्ही म्हणालात व्हई, कागदावर उमटलं होती. हवालदारानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. जबाब लिहिणारा माणूस ऐकतो एका बोलीत आणि लिहितो दुसऱ्याच भाषेत: ‘सदर इसमाच्या हातात कुऱ्हाड होती.’ तुम्ही जन्मात कधी ‘सदर इसम’ म्हटलं नसेल. पण ते वाक्य तुमच्या नावावर जमा झालं, आणि तेव्हापासून तुमच्या झोपेत खडा आहे.

वेड लागणं वेगळं आणि तुमचं हे वेगळं. तुम्ही फितूरही होत नाही आहात. चार वर्षांपूर्वीच्या संध्याकाळबद्दल चांगल्या, खऱ्या माणसाचं मन जे करतं, तेच तुमचं करतंय. हे नीट समजून घ्या, म्हणजे कोर्टात उभं राहताना पाय कमी लटपटतील.

आपल्याला वाटतं, पाहिलेली गोष्ट डोक्यात कोठीतल्या दाण्यांसारखी पडून असते, हवी तेव्हा काढून दाखवायची. तसं नसतं. दर वेळी आठवताना मन ती गोष्ट नव्यानं रचतं, आणि रचताना हाताशी जे असेल ते घेतं. त्यात पाहिलेलं असतं, नंतर ऐकलेलं असतं आणि विचारणाऱ्यानं प्रश्नात घातलेलंही असतं. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी 1974 साली हे फार साध्या रीतीनं दाखवलं. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. 50 जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आपटून त्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या 50 जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? उरलेल्या 50 जणांना वेगाचं काहीच विचारलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना एकच प्रश्न केला: फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी चुराडा हा शब्द ऐकलेल्यांपैकी 16 जण म्हणाले, हो, दिसल्या. धडकल्या ऐकलेल्यांपैकी 7 आणि काहीच न विचारलेल्यांपैकी 6. एवढ्या एका शब्दानं न फुटलेली काच दिसू लागली. त्या विद्यार्थ्यांना कुणाचा धाक नव्हता, समोर खाकी वर्दी नव्हती, कुणी नात्यातलं रक्तबंबाळ पडलेलं नव्हतं.

तुम्हाला विचारलं गेलं, ‘कुऱ्हाड होती ना?’ त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच होतं. वकिली भाषेत याला सूचक प्रश्न म्हणतात. कोर्टात सरतपासणीच्या वेळी, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूचा वकील विचारत असतो तेव्हा, वादाच्या मुद्द्यावर असा प्रश्न विचारायला विरोधी पक्ष हरकत घेऊ शकतो. कायद्यानं हा धोका फार पूर्वीच ओळखलाय. पण गावातल्या ओट्यावर, तिसऱ्या दिवशी, कोण हरकत घेणार?

मग कुऱ्हाड एवढी स्पष्ट का दिसते, असं तुम्ही विचाराल. माझ्याच घरातलं सांगते. आखाजीला आमच्याकडे खापरावर मांडे करत. एका वर्षी चुलीवरचं खापर कलंडलं आणि मोठ्या काकूचा हात मनगटापर्यंत भाजला. ते मला आजही दिसतं. तिचं हिरवं लुगडं, हातावर चिकटलेलं पुरण, परसात धावत आणलेली पाण्याची घागर. पस्तिशी उलटल्यावर मी आईपाशी हे सगळं वर्णन केलं, तर ती म्हणाली, “अगं, तू त्या वर्षी मामाकडे होतीस. तू आलीस तेव्हा तिच्या हाताला पट्टी होती.” मामीनंही तेच सांगितलं. मी तिथं नव्हतेच. घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की मी तिला डोळे दिले. आज मला पक्कं ठाऊक आहे की मी ते पाहिलेलं नाही, आणि तरी ते लुगडं हिरवंच दिसतं.

म्हणून दांड्यासकट दिसतंय, एवढ्यावरून ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे असं ठरत नाही. आणि नव्हतंच असंही ठरत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवा. तिन्हीसांजेचा अंधार, मानेवर भारा, आरडाओरडा. अशा वेळी हातातली वस्तू दिसूनही तिचं नाव मनात उमटायला वेळ लागू शकतो. ‘खरंच कुऱ्हाड असती तर दिसलीच असती’ असं जे समोरच्या घरची माणसं तुम्हाला सांगत असतील, त्यातही काही दम नाही.

आता दीर आणि मैत्रीण. दोघांनीही तुमच्या मनावर हात ठेवलाय, एकानं पाठीवरून आणि दुसरीनं गळ्यात पडून. मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: तुमची शंका जबाब वाचला त्याच रात्री सुरू झाली. मैत्रीण रडून गेल्यावर सुरू झाली असती, तर मी तुम्हाला सांगितलं असतं की शंकासुद्धा पेरता येते, जपून राहा. पण ती तिच्या आधीची आहे. तिला भीती म्हणू नका. आणि चार वर्षं गावानं तुम्हाला ‘कुऱ्हाड पाहिलेली बाई’ म्हणून ओळखलं, त्यातून जो ठामपणा येतो, त्यालाही आठवण म्हणू नका. सांगून सांगून खात्री वाढते. पाहिलेलं त्यानं वाढत नाही.

यात किती मोठी चूक होऊ शकते याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं आहे. 1984 साली जेनिफर थॉम्पसन या तरुणीवर बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिनं त्या माणसाचा चेहरा निरखून ठेवला, याला पकडून द्यायचंच म्हणून. तिनं आधी फोटोतून आणि मग ओळख परेडमध्ये रोनाल्ड कॉटनला ओळखलं, कोर्टात ठामपणे सांगितलं, त्याला जन्मठेप झाली. 1995 साली डीएनए तपासणीनं सिद्ध झालं की तो नव्हताच, गुन्हेगार दुसराच होता. कॉटनची दहा वर्षांहून जास्त तुरुंगात गेली. जेनिफर एका शब्दानंही खोटं बोलली नव्हती. पुढे तिनं त्याची माफी मागितली आणि दोघं मिळून साक्षीदारांच्या चुकांबद्दल लोकांपुढे बोलू लागले. खरं बोलणारी बाईसुद्धा चुकीचं सांगू शकते, हे कोर्टांना अशा खटल्यांनी शिकवलं.

आपली कोर्टंही याबाबत अडाणी नाहीत. 1983 साली भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदाराच्या मनाबद्दल जे लिहिलं, ते मानसशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं आहे. त्याचा आशय असा: साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असेल आणि घटनेची चित्रफीत मनाच्या पडद्यावर पुन्हा चालू होईल, अशी अपेक्षा धरू नये. घटना अवचित घडते, तेव्हा बारकावे टिपायला मन तयार नसतं. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. वेळ आणि कालावधी लोक अंदाजानं सांगतात. आणि कोर्टाच्या वातावरणानं, उलटतपासणीच्या माऱ्यानं खरा साक्षीदारही गोंधळतो, क्रम चुकवतो, रिकाम्या जागा कल्पनेनं भरतो. तेव्हा किरकोळ तफावतींवरून साक्ष फेकून देऊ नये. ‘भारा डावीकडे होता की उजवीकडे’ यावर वकिलानं तुम्हाला अडकवलं, तर एवढ्यानं आभाळ कोसळत नाही.

पण कुऱ्हाड ही किरकोळ बाब नाही. ती असली तर गुन्ह्याचा रंग बदलतो. शिवाय डॉक्टरांनी जखम धारदार शस्त्राची की बोथट वस्तूची, हे त्याच दिवशी नोंदवलेलं असतं. तुम्ही दिराच्या सांगण्यावरून ठाम कुऱ्हाड म्हणालात आणि जखम काठीची निघाली, तर तुम्ही खरोखर पाहिलेल्या गोष्टींवरही वकील बोळा फिरवेल. ज्याचा हात गेलाय, त्याचंच त्यात नुकसान आहे. त्याच्यासाठी तुमचा जीव तुटतो हे मला पत्रातून कळतं.

तुम्ही विचारलंत, काय सांगू. ते मी सांगणार नाही. मी एक शब्द सुचवला, तरी तो तुमच्या आठवणीत जाऊन बसेल आणि मग हवालदारात नि माझ्यात फरक राहणार नाही. कसं सांगायचं, तेवढं सांगते.

एखाद्या दुपारी घरात कुणी नसताना शांत बसा. गोळ्यांची गुंगी नसेल अशी वेळ बघा. त्या संध्याकाळी मळ्यातून निघाल्यापासून सुरुवात करा: चारा कसला होता, पायात काय होतं, पहिला आवाज कुठून आला, तुम्ही भारा टाकला का डोक्यावरच धरून उभ्या राहिलात. अहिराणीतूनच आठवा. प्रसंगाच्या जागेवर मनानं परत जायचं, ही पद्धत एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात साक्षीदारांसाठी बसवली, आणि ब्रिटनमध्ये पोलिसांना ती शिकवली जाते. जे येईल ते येऊ द्या. नाही आलं तर ओढून आणू नका, कारण पुन्हा पुन्हा कल्पना करत बसलं की नसलेलंही दिसायला लागतं. एकदाच करा. मग सुपात घेऊन पाखडतो तसं करा. डोळ्यांनी पाहिलं ते एकीकडे. मारामारी संपल्यावर लोकांच्या तोंडून, दिराकडून, जबाब वाचताना कानावर पडलं ते दुसरीकडे. ‘डोकं फुटलं म्हणजे कुऱ्हाडच असणार’ असा जो तर्क तुम्ही केला असेल, तो तिसरीकडे. एखादा दाणा कुठे टाकावा हे कळेना, तर ‘कळत नाही’ हीसुद्धा एक रास आहे. ती लपवू नका.

कायद्यालाही हेच हवंय. पाहिलेल्या गोष्टीचा पुरावा पाहणाऱ्यानंच द्यायचा, ही साक्षीपुराव्याच्या कायद्यातली मूळ अट आहे. ऐकीव गोष्ट तुमच्या तोंडून चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट तुमच्या दिराला वाचून दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 227 मध्ये (2024 पर्यंतच्या जुन्या दंड संहितेत ते कलम 191 होतं) खोट्या साक्षीची व्याख्या आहे, आणि तिच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असं सांगणं, हीसुद्धा खोटी साक्ष. म्हणजे खात्री नसताना खात्रीनं बोलणं कायद्याच्या लेखी शौर्य नाही. ‘माले आठवस नही’ हे शपथेवरचं पूर्ण उत्तर आहे. ‘हातात कायतरी होतं, काय ते ओळखता आलं नाही’ किंवा ‘मी पाहिलं, मला पक्कं आठवतं’ हीसुद्धा पूर्ण उत्तरं आहेत. यातलं जे खरं असेल ते.

पोलिसांसमोरचा जबाब पाठ करू नका. तपासात घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि तो स्वतः पुरावा ठरत नाही. कोर्टात तुम्ही शपथेवर बोलाल तो पुरावा. जबाबाशी तफावत पडली तर ती दाखवून प्रश्न विचारले जातात, एवढंच. तेव्हा झालं ते जसंच्या तसं सांगा: मी ‘व्हई’ म्हणाले होते. आणि हे सरकारी वकिलांना साक्षीच्या आधीच सांगा. ऐन वेळी त्यांना धक्का बसला, तर ते न्यायाधीशांची परवानगी घेऊन तुम्हाला फितूर म्हणून प्रश्न विचारू शकतील. तसं झालं तरी घाबरू नका. तो शब्द कानाला फार लागतो, पण ती शिक्षा नाही, आणि फितूर ठरलेल्या साक्षीदाराची साक्षही सगळी बाद होत नाही. त्यातला विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्ट घेतं. दाणा आणि कोंडा वेगळा करणं, हे शब्द आपल्या निकालांत कितीदा येतात! ते उफणणं न्यायाधीशांचं काम आहे, तुमचं नाही.

गोळ्यांचं ऐका. साक्ष देण्याच्या पात्रतेबद्दल कायदा एवढंच विचारतो: प्रश्न समजतात का, आणि त्यांची समंजस उत्तरं देता येतात का. मनाचा मोठा आजार असलेला माणूससुद्धा, आजारामुळे प्रश्नच समजेनासे झाले नसतील, तर साक्ष देऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांवरून वकिलानं विचारलंच, तर सरळ सांगा: मालक गेल्यापासून घेते, डॉक्टरांनी दिल्यात. लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? साक्ष आहे म्हणून गोळ्या स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका, त्यानं धडधड वाढेल. डॉक्टरांना तारीख सांगून विचारा. रात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

त्या दिवशीचं थोडं. नावाचा पुकारा होईल, शपथ होईल, तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहाल. पाय थरथरले तर बसायला खुर्ची मागा, पाणी मागा. एक क्षण असा येईल की मुद्देमालातली, चिठ्ठी डकवलेली कुऱ्हाड तुमच्यापुढे धरून विचारतील, ‘हीच का ती?’ तो क्षण फार अवघड असतो. समोर एकच वस्तू असते, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात, आणि मन पटकन हो म्हणायला धावतं. श्वास घ्या, वस्तूकडे बघा, मग बोला. ओळखता येत नसेल तर येत नाही म्हणा. उलटतपासणीत प्रश्न उलटे येतात: ‘हे म्हणणे खरे नाही का की तुम्ही तिथे नव्हता?’ याला हो म्हणावं की नाही, भले भले चुकतात. नुसतं हो-नाही करू नका, पूर्ण वाक्य बोला: ‘मी तिथं होते.’ प्रश्न समजला नाही तर न्यायाधीशांकडे बघून सांगा, परत विचारा.

कुणी धमकावत असेल, रडून नाही तर दम देऊन, तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं ती देशभर लागू केली आणि जिल्ह्याची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते. अशा साक्षीदारांची साक्ष घेण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी खोली असावी, असाही आदेश 2022 साली झालाय. अर्ज कसा करायचा ते कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत विचारा. बाई म्हणून तुम्हाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन 15100.

तारखेपर्यंत दिराशी, मैत्रिणीशी, दुसऱ्या कुठल्याही साक्षीदाराशी त्या संध्याकाळबद्दल बोलणं बंद ठेवा. मैत्रिणीला म्हणा, तू ये, चहा घे, पण त्या गोष्टीवर तुझ्या-माझ्यात एक शब्द नको. ती रागावेल. रागावू द्या.

आणि साक्ष संपली की लगेच खाली उतरू नका. तुम्ही सांगितलेलं टाइप झालेलं असतं, ते तुम्हाला वाचून दाखवलं जातं आणि चुकलेलं असेल तर तिथंच दुरुस्त करून मागता येतं. दमलेल्या असाल, घरी जायची घाई असेल, बसची वेळ होत आली असेल. तरी पूर्ण ऐका. तुम्ही ‘बहुतेक’ म्हणाला असाल तिथं ‘बहुतेक’ आलंय का, ‘व्हई’ म्हणाला असाल तिथं ‘असेल’ आलंय का, ते कान देऊन ऐका, आणि नसेल तर हात वर करा.